तातडीचे गर्भनिरोधन: नागपूरच्या मुलींसाठी तासांचा हिशेब

संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून तातडीने काय करायचे, ते इथे सांगते. आधी एक काम कर. संबंध कधी आला, तो वार आणि ती वेळ कागदावर किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेव. शनिवारी संध्याकाळी सात असेल, तर मंगळवारी संध्याकाळी सातला ७२ तास भरतात आणि गुरुवारी संध्याकाळी सातला १२०. पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळे या दोन वेळांना बांधलेले आहे. "परवाच तर झालं" असे दिवसांनी मोजत बसलीस, तर अर्धा वेळ असाच निघून जातो.

तू शिकवणीसाठी गोंदिया-भंडाऱ्याहून येऊन इथे होस्टेलवर राहत असशील, नाहीतर महालात आईबाबांजवळ राहून कॉलेजात जात असशील. दोघींनाही शरीराचे नियम सारखेच. मैत्रीण, मोठी बहीण किंवा आई हे वाचत असेल, तर तिलाही हे उपयोगी पडेल. मुलग्यांनी तर वाचावेच. दुकानात बहुतेक वेळा त्यांनाच धाडले जाते, आणि चुकीची गोळी घेऊन येण्याचा मानही बहुधा त्यांचाच.

गरज आहे का?

काहीच वापरले नाही, कंडोम फाटला किंवा आत सरकला, रोजच्या गोळ्या दोन-तीन दिवस सलग राहून गेल्या, किंवा कोणी जबरदस्ती केली: या चारही वेळी तातडीच्या उपायाची गरज आहे. "त्याने वेळेवर बाहेर काढलं" हा भरवसा धरू नकोस. वीर्य योनीच्या तोंडाशी सांडले तरी गर्भ राहू शकतो. पहिल्याच वेळी राहत नाही, हेही खोटे. आणि "सेफ दिवस" मोजण्याच्या फंदात या वयात तर पडूच नये, कारण पाळी सुरू झाल्यानंतरची काही वर्षे ती आपल्याच मनाने येते-जाते. बीज नक्की कोणत्या दिवशी सुटेल, हे कॅलेंडर सांगू शकत नाही.

चुंबनाने, कपडे अंगावर असताना जवळ आल्याने किंवा एकच संडास वापरल्याने गर्भ राहत नाही. त्यासाठी गोळी नको.

पपई, अननस, तीळ-गूळ, गरम काढे, दोरीवरच्या उड्या, सोड्याने आतून धुणे यांतले काहीही गर्भ रोखत नाही. आतून धुण्याने तर जंतुसंसर्ग वाढतो. या उपायांचे खरे नुकसान म्हणजे ते करण्यात गेलेला दिवस.

गोळी कोणती, आणि ती करते काय

नागपुरातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते ती लेवोनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी. आय-पिल आणि अनवाँटेड-७२ ही त्यातली घरोघरी माहीत असलेली नावे. औषध तेच, वेष्टन वेगळे. सरकारी दवाखान्यात ती ईझी पिल या नावाने मोफत असते. ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांचे पाकीट मिळाले, तर दोन्ही एकदमच घ्यायच्या. बारा तासांच्या अंतराने घेण्याची पद्धत जुनी झाली.

ही गोळी अंडाशयातून बीज सुटणे पुढे ढकलते. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, तेवढ्या अवधीत त्यांना बीज मिळू द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. बीज सुटून गेले असेल तर गोळीचा उपयोग नाही, आणि घाई आहे ती यासाठीच. गर्भ आधीच राहिला असेल तर ही गोळी तो पाडत नाही आणि त्याला इजाही करत नाही. ही गर्भपाताची गोळी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास या बाबतीत आजही सांगितला जातो. एरवी जितक्या गर्भधारणा झाल्या असत्या, त्यांपैकी पहिल्या २४ तासांत गोळी घेतलेल्यांमध्ये ९५ टक्के टळल्या, २५ ते ४८ तासांत ८५ टक्के आणि ४९ ते ७२ तासांत ५८ टक्के. ७२ तासांनंतर १२० तासांपर्यंत थोडाफार उपयोग होतो, पण त्या वेळी तांबीचा, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीचा, विचार आधी करावा. त्याविषयी पुढे येईलच.

युलिप्रिस्टल नावाची ३० मिलिग्रॅमची दुसरी गोळी आहे. ती १२० तासांपर्यंत चांगली चालते, पण आपल्याकडच्या गल्लीतल्या दुकानात तिची वाट बघण्यात वेळ घालवू नकोस. दुसरे काहीच मिळत नसेल तर डॉक्टर रोजच्या गर्भनिरोधक गोळ्याही ठरावीक संख्येने, बारा तासांच्या अंतराने दोनदा द्यायला सांगतात. त्याने मळमळ फार होते आणि परिणाम कमी, म्हणून तो शेवटचा पर्याय. संख्या स्वतः ठरवू नकोस.

दुकानात

चिठ्ठी लागत नाही. नाव-गाव लिहून द्यावे लागत नाही. किंमत साधारण शंभर रुपयांच्या आसपास. "लेवोनॉरजेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, एक गोळी" एवढेच सांग. दुकानदाराने "काहून पाहिजे?" विचारले, तर उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. "द्यायची असेल तर द्या, नाहीतर पुढच्या दुकानात जातो" म्हणणे पुरेसे.

घराखालचा दुकानदार काका बाबांना ओळखतो, ही खरी अडचण असते. मग बर्डीवर जा, किंवा मेडिकल चौकात, जिथे ओळीने दुकाने आहेत आणि दिवसभर गर्दी असते. तिथे कोणाला कोणाकडे बघायला सवड नाही. रात्री उशिरा किंवा रविवारी लागली, तर मोठ्या रुग्णालयांच्या आवारातली किंवा समोरची दुकाने बघ, ती सहसा उघडी असतात.

हातात घेतल्यावर तिथेच दोन गोष्टी बघ: मुदतीची तारीख आणि औषधाचे नाव. पाकिटावर मिफेप्रिस्टोन किंवा मिसोप्रोस्टॉल लिहिले असेल, तर परत दे. ते गर्भपाताचे औषध आहे, त्याचे काम वेगळे, धोके वेगळे, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचे नसते. "तीच ती गोळी, जास्त पॉवरची" असे सांगून हे पाकीट पुढे सरकवणारे भेटतात. त्यांचे ऐकू नकोस.

घेताना

पाण्याबरोबर गिळायची. उपाशीपोटी चालते, पण काहीतरी खाऊन घेतली तर मळमळ कमी होते. रात्रीची वाट बघू नकोस, "सकाळी नाश्ता करून घेते" नको. दुकानाबाहेर पाण्याची बाटली घेऊन तिथेच घेतलीस तरी चालेल.

दोन तासांच्या आत उलटी झाली, तर गोळी पोटात राहिली नाही असे धर आणि दुसरी घे. त्यानंतर उलटी झाली तर काळजी नाही. एरवी दोन-तीन गोळ्या एकदम घेऊन परिणाम वाढत नाही. अपवाद फक्त पुढे सांगितलेल्यांचा.

गोळी घेण्यासाठी आधी तपासणी, सोनोग्राफी किंवा गर्भचाचणी करावी लागत नाही. वयाची अटही वैद्यकीय दृष्टीने नाही. पाळी सुरू झालेली कोणतीही मुलगी ती घेऊ शकते. तरी काही जणींनी दुकानात जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

क्षयाचे औषध चालू असेल, तर त्यातले रिफाम्पिसिन या गोळीचा जोर कमी करते. फिट्सच्या औषधांपैकी फेनिटॉइन आणि कार्बामाझेपीन, तसेच एचआयव्हीच्या उपचारातले इफाविरेन्झ यांचेही तसेच. अशा मुलींना डॉक्टर तांबी सुचवतात किंवा दुप्पट मात्रा, म्हणजे ३ मिलिग्रॅम, देतात. वजन ७० किलोच्या वर असेल तरी गोळीचा परिणाम कमी पडू शकतो. तेव्हाही हाच प्रश्न डॉक्टरांना विचार. फोनवर विचारलेस तरी चालेल, पण औषधाचे नाव लपवू नकोस.

विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते: सिकलसेल असली तरी लेवोनॉरजेस्ट्रेल घ्यायला आडकाठी नाही. तांबी मात्र पाळीत जास्त रक्त नेऊ शकते. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर तांबी बसवण्यापूर्वी डॉक्टरांना तुझा सिकलसेलचा रिपोर्ट दाखव.

तांबी

तांबी म्हणजे कॉपर-टी. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली, तर ९९ टक्क्यांहून जास्त वेळा गर्भ राहत नाही. कोणतीही गोळी इतकी खात्रीची नाही. वर, ती काढेपर्यंत पुढची वर्षेही संरक्षण देते: ३८०-ए प्रकारची दहा वर्षे, ३७५ प्रकारची पाच. सरकारी रुग्णालयात मोफत बसवतात. बसवायला काही मिनिटे लागतात, त्या वेळी आणि नंतर एखादा दिवस पाळीसारखी कळ येते. नकोशी झाली की काढता येते, आणि त्यानंतर गर्भ राहायला काही अडचण येत नाही.

मूल झाले नाही किंवा लग्न झाले नाही म्हणून तांबी बसवता येत नाही, असे काही डॉक्टर अजूनही सांगतात. याला वैद्यकीय आधार नाही. खरी आडकाठी म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाशी पू, चालू असलेला लैंगिक संसर्ग किंवा आधीच राहिलेला गर्भ. वय १८ च्या आत असेल तर डॉक्टर सहसा पालकांची संमती मागतात, हे धरून चाल.

जायचे कुठे? बायकांसाठीचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे गांधीबागेजवळचे डागा. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे, मिहानला एम्स आहे. ओपीडी सकाळची असते आणि रांग लांब लागते, तेव्हा केसपेपर काढायला लवकर जा. रविवार किंवा सुटी आडवी आली आणि १२० तास संपत आले, तर मेडिकल किंवा मेयोच्या अपघात विभागात जाऊन सरळ सांग. पंधरा ते वीस वर्षांची मुलगी एकटी गेली की चार प्रश्न जास्त विचारतात. मोठी बहीण, आत्या, मावशी, कोणीतरी बरोबर असले तर तो ताप निम्मा होतो.

बोलायलाच कोणी नसेल, तर सरकारी रुग्णालयांतली 'मैत्री' क्लिनिक १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठीच आहेत. तिथे समुपदेशक असतात, पैसे लागत नाहीत. आशाताईही तुझ्या वस्तीत असते. ती ओळखीची असल्याने संकोच वाटेल, पण तिच्याकडे गोळी, निरोध आणि 'निश्चय' हे गर्भचाचणीचे किट असते.

पुढचे तीन आठवडे

मळमळ, डोकेदुखी, स्तन दुखणे, चक्कर, थकवा हे एक-दोन दिवस होऊ शकते. मध्येच थोडे रक्त दिसू शकते. इथे मुली फसतात: गोळीनंतर आठवड्याभरात डाग दिसले की "झालं, सुटलो" म्हणतात. ते डाग म्हणजे पाळी नव्हे, आणि गर्भ राहिला नाही याचा पुरावाही नव्हे. पाळी नेहमीच्या तारखेच्या आठवडाभर अलीकडे-पलीकडे येऊ शकते. आठवड्याहून जास्त उशीर झाला, किंवा आली पण नेहमीपेक्षा फारच कमी आली, तर चाचणी कर.

चाचणी कधी करायची, तर संबंधानंतर तीन आठवडे झाल्यावर. त्याआधीची 'नाही' खोटी असू शकते. सकाळची पहिली लघवी घे, किटवर लिहिलेल्या वेळेतच रेषा वाच. फिकट दुसरी रेषाही रेषाच असते.

खालच्या पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणे किंवा तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, यातले काहीही झाले तर थांबू नकोस, थेट अपघात विभागात जा. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल तर जिवावर बेतते, आणि ते चाचणीच्या रेषेवरून कळत नाही.

गोळी मागच्या संबंधासाठी असते, पुढच्यासाठी नाही. उलट, बीज पुढे ढकलले गेल्यामुळे त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर गर्भ राहण्याची शक्यता राहतेच. ती पुन्हा घ्यावी लागली तर शरीराला कायमची इजा होत नाही, वंध्यत्व येत नाही. पण महिन्यातून दोन-तीनदा ती घेणारीची पाळी विस्कळीत होते आणि खर्च करूनही भरवसा कमीच. तिने नेहमीचा उपाय सुरू करावा.

एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांवर या गोळीचा काहीही परिणाम होत नाही. जोडीदाराविषयी शंका असेल किंवा जबरदस्ती झाली असेल, तर एचआयव्ही टाळणारे औषध ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्याच दिवशी सुरू करावे लागते आणि २८ दिवस घ्यावे लागते. मेडिकलमध्ये एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारांचे, केंद्र आहे. १०९७ ही एचआयव्हीची मोफत हेल्पलाइन आहे.

जबरदस्ती झाली असेल तर

तुझी चूक नाही, हे आधी. शक्य असेल तर अंघोळ, कपडे बदलणे टाळ. कपडे बदलले असतील तर ते धुऊ नकोस, कागदी पिशवीत ठेव. अंघोळ झाली असली तरी जा. कायद्याने कोणत्याही सरकारी किंवा खासगी रुग्णालयाला पीडितेवर लगेच आणि मोफत उपचार करावे लागतात, आणि "आधी पोलिसात तक्रार करा, मग बघू" असे म्हणता येत नाही. गोळी, एचआयव्हीचे औषध, जखमांचे उपचार हे सगळे त्या उपचारांतच येते. अठराखालच्या मुलीची तपासणी बाई डॉक्टरनेच करायची असते, आणि आई किंवा तिच्या विश्वासाचे माणूस तिथे थांबू शकते. दोन बोटांच्या तपासणीला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली आहे. कोणी करू लागले तर "नको" म्हण.

फोन: मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीने पोलीस हवे असतील तर ११२. महिला-मुलांच्या मदतीसाठी नागपूर पोलिसांचा भरोसा सेलही आहे.

वय १८ च्या आत असेल तर कायदा काय म्हणतो

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याप्रमाणे १८ च्या आतल्या मुलामुलीची संमती कायदा मानत नाही. दोघांनी राजीखुशीने केले असले तरी मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो. डॉक्टरांना अशी गोष्ट कळली तर पोलिसांना कळवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे लपवून "काही होत नाही, जा" म्हणणे मला पटत नाही. पण या भीतीने घरात बसून ७२ तास जाऊ देणे त्याहून वाईट. दुकानातून गोळी घेताना हा प्रश्नच येत नाही, आणि बहुतेक वेळा पहिल्या दिवशी हवी असते ती गोळीच.

गर्भ राहिलाच, तर गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात एक वाट मोकळी केली. अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांना पोलिसांकडच्या माहितीत तिचे नाव आणि ओळख सांगावी लागत नाही. हे सगळ्याच डॉक्टरांना माहीत असते असे नाही. आईने हा निकाल नाव घेऊन सांगावा: 'एक्स विरुद्ध आरोग्य विभागाचे प्रधान सचिव, दिल्ली'.

चाचणी 'हो' आली तर

घरी गोळ्या आणून खाऊ नकोस. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि ही सवलत ज्या गटांना आहे त्यांत अल्पवयीन मुली आणि अत्याचारपीडित येतात. अठराखालच्या मुलीला पालकाची लेखी संमती लागते. तू १८ पूर्ण असशील तर तुझी एकटीची संमती पुरते. नवरा किंवा आईबाबांची सही मागितली, तर ती कायद्यात नाही. औषधाने गर्भपात ९ आठवड्यांपर्यंतच करतात, म्हणून चाचणी 'हो' आल्यावर पाळी येण्याची वाट बघू नकोस. त्याच आठवड्यात डागा किंवा मेडिकल गाठ.

आईला सांगायचे कसे, हा प्रश्न मुली सगळ्यात जास्त विचारतात. मोठ्या भाषणाची गरज नाही. "आई, मला डॉक्टरकडे न्यायला लागेल, आधी ऐक, मग रागव" एवढे वाक्य बोलून थांब. आयांना सांगते: रागवायला पुढे महिनाभर आहे, डॉक्टरसाठी मात्र तास मोजके आहेत.

पुढच्या वेळेसाठी

निरोध किंवा कोणताही कंडोम हा एकमेव उपाय गर्भ आणि आजार दोन्ही रोखतो. तो जवळ ठेवणे मुलीचे काम नाही असे मानू नकोस. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या तातडीच्या गोळीच्या दुसऱ्या दिवशीपासून सुरू करता येतात, पहिले सात दिवस कंडोमही वापरायचा. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे अंतरा इंजेक्शन आणि हार्मोन नसलेली छाया गोळी सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची असते. तुझ्या वयाला यातले काय जमेल, ते मैत्री क्लिनिकमध्ये विचार.

तातडीची एक गोळी घरात आणून ठेवलीस तर चांगलेच, कंडोम रात्री बाराला फाटतो. पण मे महिन्यात ती ॲक्टिव्हाच्या डिक्कीत ठेवू नकोस. नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीत पाकिटावर लिहिलेल्या तापमानाच्या कितीतरी वर पारा जातो. कपाटात, सावलीत ठेव आणि मुदतीची तारीख पाकिटावर पेनाने ठळक लिही.